हाताला माहीत होतं, कागदाला नव्हतं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं पॅनेलचं, म्हणजे पंप-मोटरा चालवणाऱ्या विजेच्या कपाटांचं, वर्कशॉप आहे. एका बाजूला पावडर कोटिंग होऊन आलेले पत्र्याचे रिकामे खोके, मधल्या जागेत बसबार (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्या) आणि वायरिंग, टोकाला टेस्टिंगचं टेबल. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, २००७ पासून इथे वायरिंग करतोय. पाणीपुरवठ्याच्या पंपांची पॅनेलं, छोट्या कारखान्यांचे एमसीसी (अनेक मोटरांचं एकत्र पॅनेल), जनरेटरची चेंजओव्हर पॅनेलं (लाइट गेली की जनरेटरवर नेणारी) हे आमचं नेहमीचं काम. ड्रॉइंग वाचत मी इतकी वर्षं काढली होती. काढलं मात्र एकही नव्हतं, २०१८ च्या जूनपर्यंत.

त्या जूनमध्ये आमचा ड्राफ्ट्समन दुसरीकडे लागला आणि साहेबांनी बाहेरून ड्रॉइंग करून घ्यायला सुरुवात केली. बाहेरचा माणूस हुशार होता, पण त्याने आमचं शॉप पाहिलेलं नव्हतं. ड्रॉइंग यायला चार दिवस, त्यातली चूक कळवली की दुरुस्ती यायला आणखी दोन. तोवर खोका तसाच उभा. मग आम्ही प्रिंटवर लाल पेनने बदल करून काम पुढे न्यायचो, आणि गाडी भरायच्या वेळी पॅनेल एक आणि दारातल्या खिशातलं ड्रॉइंग दुसरंच, असं व्हायचं. हे मला फार लागायचं. सुरुवातीची दोन वर्षं मी साइटवर दुरुस्तीला जात होतो. गावाचं पाणी बंद आहे, रात्रीचे दोन वाजलेत, बॅटरी तोंडात धरून तुम्ही एक वायर शोधताय आणि ड्रॉइंगमधला नंबर वायरीच्या फेरूलवरच्या, म्हणजे टोकाच्या नळीवरच्या, नंबराशी जुळत नाही, हे मी भोगलेलं आहे.

साहेबांना विचारलं, "सुटल्यावर ड्राफ्ट्समनच्या त्या कॉम्प्युटरवर बसू का?"

"बस की," ते म्हणाले. "फक्त जुन्या फायलींना हात लावू नकोस. कॉपी करून घे आणि त्यात काय करायचं ते कर."

एवढ्या परवानगीवर सुरुवात झाली. ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावायचा विचार केला होता. चौकशी केली तेव्हा दोन ठिकाणी एकच उत्तर मिळालं: सिव्हिल आणि मेकॅनिकलचं ऑटोकॅड शिकवतो, इलेक्ट्रिकलचं वेगळं असं काही नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंचंही तेच. घराचा प्लॅन, दारं-खिडक्या, नट-बोल्ट. रेष कशी काढायची ते त्यातून कळलं. पण कंट्रोल सर्किटचं (मोटर चालू-बंद करण्याच्या वायरिंगचं) पान कसं मांडायचं, कॉइल कुठे आणि तिच्यामुळे उघडणारा-मिटणारा कॉन्टॅक्ट कुठे दाखवायचा, हे कुणी सांगत नव्हतं. त्यासाठी माझे गुरू म्हणजे कपाटातली जुनी ड्रॉइंगं. त्यातली काही ट्रेसिंग पेपरवर हाताने काढलेली होती, अक्षरं छापल्यासारखी. आमचे फोरमन काका सांगायचे, की त्या काळी चूक झाली की ब्लेडने शाई खरवडून काढायचे आणि जागा घासून गुळगुळीत करून पुन्हा लिहायचे.

मी स्वतःला पहिलं काम दिलं ते सगळ्यात सोपं: एका मोटरचा डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा), एक पान पॉवरचं, एक कंट्रोलचं. वायरिंग करायला मला तासही लागत नाही. काढायला चार संध्याकाळी गेल्या.

पहिली संध्याकाळ तर चुकीच्या टेम्प्लेटमध्येच गेली. नवी फाइल उघडताना दोन नावं दिसतात, एक नुसतं 'अकॅड' आणि एक 'अकॅड आयएसओ'. मी पहिलं घेतलं. ते इंचांसाठी असतं. रेषा येत होत्या, पण तुटक रेषा अखंड दिसायची, अक्षरं मुंगीएवढी. कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) आणि त्याचा कॉन्टॅक्ट यांना जोडणारी तुटक रेष अखंड दिसली तर वाचणारा तिला वायर समजेल, म्हणून मी ती पुन्हा पुन्हा बदलत बसलो. कारण कळायला दुसरा दिवस उजाडला. आता शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो: आपलं काम मिलिमीटरचं, तेव्हा आयएसओवालं टेम्प्लेट उघड, मग पुढचं बोलू.

दुसरी अडचण पकडीची होती. इतकी वर्षं उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि डाव्या हातात वायर. इथे उजव्या हातात माउस आणि डावा रिकामाच. जुन्या ड्राफ्ट्समनला मी काम करताना पाहिलं होतं, त्याचा डावा हात कीबोर्डवर सतत चालू असायचा. मग मीही ठरवलं की चित्रांच्या बटणांकडे बघायचंच नाही. रेषेला एल, कॉपीला सी-ओ, सरकवायला एम, छाटायला टी-आर, आणि एफ ८ दाबला की रेष सरळच जाते. एका कार्डावर बारा आज्ञा लिहून मॉनिटरला चिकटवल्या. तीन आठवड्यांनी कार्ड काढून टाकलं. डाव्या हाताला पुन्हा काम मिळालं तेव्हा कुठे मला त्या खुर्चीत नीट बसता आलं.

घरी सरावासाठी मुलीच्या अभ्यासाचा लॅपटॉप होता. ऑटोकॅडची चोरीची कॉपी द्यायला दोघे-तिघे तयार होते. ती मी घेतली नाही. ज्या कामावर आपलं घर चालतं त्याच्या हत्याराची चोरी करू नये असं मला मनापासून वाटतं. लिब्रेकॅड नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळालं. त्यातल्या आज्ञा थोड्या वेगळ्या, आणि फाइल डीएक्सएफमध्ये ठेवावी लागते, पण रेष, ऑफसेट, ट्रिम, लेयर, ब्लॉक यांची सवय व्हायला ते भरपूर झालं. नुसत्या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगसाठी क्यूइलेक्ट्रोटेक हे आणखी एक मोफत सॉफ्टवेअर आहे, तेही थोडे दिवस वापरून पाहिलं. ज्यांच्या कंपनीत लायसन्स नाही त्यांनी या दोन्हींवर हात बसवायला हरकत नाही.

लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे एकावर एक थर, समजायला वेळ लागला नाही, कारण पॅनेलमध्ये आपण रंगाने वेगळं करतोच. आर, वाय, बी अशा तीन फेजना लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. मी लेयरनाही तेच रंग दिले. स्क्रीनच्या काळ्या पाटीवर ते फार सुरेख दिसत होतं. पहिली प्रिंट काढली आणि पांढऱ्या कागदावर पिवळी फेज जवळजवळ गायब. तीन फेजच्या मोटरला दोनच वायरी जाताना दिसत होत्या. त्या दिवशी प्लॉट स्टाइल नावाची गोष्ट शिकलो: 'मोनोक्रोम' निवडलं की कागदावर सगळं काळं उमटतं, आणि फरक दाखवायचा तो रेषेच्या जाडीने. तेव्हापासून पॉवरची रेष अर्ध्या मिलिमीटरची आणि कंट्रोलची पाव मिलिमीटरची, हे मी ठरवून टाकलं. आमच्याकडे प्रिंट ऑइलच्या हातांनी हाताळली जाते, तिची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघते. तिसऱ्या झेरॉक्समध्येही जाड-बारीक कळतं, रंग कळत नाही.

ऑगस्टमध्ये मी स्टार-डेल्टा (मोठी मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटने उठवून मग डेल्टावर नेणारा स्टार्टर) काढायला घेतला, आणि इथे मला माझ्याबद्दलच एक गोष्ट कळली.

३० किलोवॉटच्या पंपाचं पॅनेल होतं. स्टार-डेल्टा मी किती वायर केले असतील याची मोजदाद नाही. मेन, डेल्टा, स्टार असे तीन कॉन्टॅक्टर, एक टायमर; डोळे मिटून करेन. कॉन्टॅक्टर काढले, मेनच्या खाली ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर थांबवणारा), त्याखाली मोटरच्या तीन वाइंडिंगची एकीकडची टोकं, यू१, व्ही१, डब्ल्यू१, लिहिली. मग डेल्टा कॉन्टॅक्टरच्या खाली तितक्याच सरळपणे दुसरी टोकं, यू२, व्ही२, डब्ल्यू२, लिहिली आणि प्रिंट काकांसमोर ठेवली.

काकांनी चष्मा वर केला. "अरे, ही मोटर फिरेल का?"

"न फिरायला काय झालं?"

"यू१ वर कुठली फेज?"

"आर."

"आणि डेल्टा लागल्यावर यू२ वर?"

मी बोट ठेवून वर गेलो. आर. वाइंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर. स्टारमध्ये मोटर उठेल, डेल्टाला जाईल आणि वाइंडिंगला व्होल्टेजच मिळणार नाही. मोटर आपल्याच वेगावर घरंगळत थांबेल.

मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं की वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२ आणि खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ असे खांब दिसतात. डेल्टा म्हणजे तीन उभ्या पट्ट्या: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. वरची ओळ मुद्दाम एक घर सरकवलेली असते ती यासाठीच. माझे हात हे अकरा वर्षं बरोबर करत होते. डेल्टा कॉन्टॅक्टरवर वायरी टाकताना हात आपोआप एक घर सरकायचे. का सरकतात हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं, आणि लिहायची वेळ आली तेव्हा शाळेतल्या क्रमाने एकाखाली एक लिहून मोकळा झालो.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. ऑटोकॅड शिकायचं म्हणजे आज्ञा शिकायच्या, असं मी धरून चाललो होतो. आज्ञा तर महिन्याभरात आल्या. सॉफ्टवेअरला सर्किट कळत नाही. त्याला रेष म्हणजे फक्त रेष, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत. मी चुकीची फेज चुकीच्या टोकाला जोडली तर ते तितक्याच नीटनेटकेपणाने चुकीचं काढून देणार. जे माझ्या हातात होतं ते मला आधी तोंडाने सांगता यायला हवं होतं. मग मी एक वही केली. दिवसा वायरिंग करताना हाताने जे आपोआप होतं ते संध्याकाळी वहीत लिहायचं आणि पुढे कारण लिहायचं. होल्डिंग कॉन्टॅक्ट (बटण सोडलं तरी कॉइल धरून ठेवणारा) स्टार्ट बटणाला समांतर का, स्टार आणि डेल्टाचे एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेले, कॉइल लागली की उघडणारे) एकमेकांच्या कॉइलमध्ये का, ओव्हरलोडचा ९५-९६ (ट्रिप झाला की उघडणारा कॉन्टॅक्ट) कॉइलच्या आधी का. कारण आलं नाही तर काकांना विचारायचं. काकांनाही काही ठिकाणी थांबावं लागलं. मग आम्ही दोघं कॅटलॉग उघडून बसायचो.

त्या वहीतून एक फार मोलाची गोष्ट हाती लागली. ३० किलोवॉटच्या मोटरला ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण ५५ अँपिअर लागतात. ओव्हरलोड रिले आम्ही मेन कॉन्टॅक्टरच्या खाली बसवतो, म्हणजे डेल्टामध्ये त्यातून वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा नाही. तो असतो लाइनच्या ५८ टक्के, म्हणजे ३२ अँपिअर. मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टर त्याच हिशोबाने घेतात आणि स्टारचा त्याहून लहान, एक तृतीयांशाच्या हिशोबाने. शॉपमध्ये आम्ही रिले ३२ वर लावून पाठवायचो. साइटवरचा माणूस मोटरच्या नेमप्लेटवर ५५ वाचतो आणि रिलेवर ३२ बघतो. रेंजमध्ये असेल तितका तो डायल वर फिरवतो, किंवा ट्रिप होतंय म्हणून मोठा रिले आणून बसवतो. त्यानंतर मोटर जळेपर्यंत रिले गप्प. दुरुस्तीला जायचो तेव्हा मी हे दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनला दोष देऊन आलो होतो. त्याला सांगणारं ड्रॉइंगवर काही नव्हतंच. आता माझ्या प्रत्येक स्टार-डेल्टाच्या पॉवरच्या पानावर रिलेशेजारी चौकटीत मराठीत लिहिलेलं असतं: 'रिले फेज करंटवर आहे. सेटिंग ३२ अँपिअर. नेमप्लेटचा करंट लावू नये.' मोटर बदलली की आकडा बदलतो, चौकट तीच. मराठी अक्षरांसाठी युनिकोड फॉन्ट घ्यावा लागतो, ऑटोकॅडच्या नेहमीच्या रेषांच्या फॉन्टमध्ये प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटतात.

दिवाळीआधी पहिलं पूर्ण ड्रॉइंग माझ्या नावावर गेलं. टायटल ब्लॉकमध्ये 'ड्रॉन बाय'च्या रकान्यात माझी अक्षरं आणि 'चेक्ड बाय'मध्ये काकांची. ती प्रिंट मी घरी नेऊन दाखवली.

मग ब्लॉक आणि अॅट्रिब्यूटची धास्ती आली. कॉन्टॅक्टर, पुश बटण, टर्मिनल असं प्रत्येक चिन्ह एकदाच काढायचं, त्याचा ब्लॉक करायचा, आणि नाव-नंबर बदलता यावेत म्हणून त्यात अॅट्रिब्यूट ठेवायचे. चिन्हं २.५ मिलिमीटरच्या जाळीवर काढायची, म्हणजे कुठलंही चिन्ह कुठल्याही रेषेवर बरोबर बसतं. हे सगळं मी मन लावून केलं. एकदा एका पानावर नंबर वायरीवर चढत होते, ते थोडे बाजूला घ्यायचे होते. मी ब्लॉक एक्स्प्लोड केले, म्हणजे फोडून सुट्या रेषा केल्या. पानावरचे सगळे नंबर एका क्षणात गेले आणि प्रत्येक जागी त्या रकान्याचं मूळ नाव दिसू लागलं, जणू कुणी भरलेला फॉर्म कोरा करून दिला. अन्डू केलं म्हणून वाचलो. अॅट्रिब्यूट ब्लॉक न फोडताही सरकवता येतो, त्यावर क्लिक केलं की निळा चौकोन येतो तो धरून. शॉपमधल्या नव्या मुलाला मी सांगून ठेवलंय, की एक्स्प्लोड हे बटण आपल्यासाठी नाही.

यानंतरची चूक सांगताना अजूनही घसा कोरडा पडतो, पण ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

दोन पंपांचं पॅनेल होतं, एक चालू आणि एक राखीव. पंप १ चं कंट्रोलचं पान झालं होतं. ते कॉपी करून पंप २ साठी घेतलं आणि १०१, १०२ या वायर नंबरांचे २०१, २०२ करत गेलो. संध्याकाळी घाई होती. एक नंबर राहिला. ओव्हरलोडच्या ९५-९६ नंतरची वायर दोन्ही पानांवर १०५ च राहिली.

वायरिंग करणारा मुलगा नवा आणि प्रामाणिक. ड्रॉइंगमध्ये दोन्हीकडे १०५ दिसल्यावर त्याने जे करायला हवं तेच केलं: दोन १०५ एकमेकांना जोडले. एक नंबर म्हणजे एक वायर, हे मीच त्याला शिकवलं होतं.

टेस्टिंगला पंप २ चा कॉन्टॅक्टर उचलला आणि त्याच्या ओव्हरलोड रिलेचं टेस्ट बटण दाबलं. कॉन्टॅक्टर पडला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. पंप २ चा रिले ट्रिप झाला होता, पण कंट्रोल सप्लाय पंप १ च्या रिलेतून १०५ वर येऊन पंप २ च्या कॉइलला मिळतच होता. दोन्ही रिले एकमेकांना समांतर झाले होते. म्हणजे कुठलीही एक मोटर अडकली, तापली, तरी तिला थांबवायला कुणी नाही. हे पॅनेल तसंच गेलं असतं तर बटणाने चालू-बंद सुरळीत झालं असतं आणि कुणाला काही कळलंच नसतं. सिरीज लॅम्प (वायर जोडलेली आहे का ते दाखवणारा दिवा) घेऊन शोधायला पाऊण तास लागला, चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं. त्या मुलाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी काही चूक नाही, ड्रॉइंग माझं आहे.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. पान कॉपी केलं की आधी सगळे वायर नंबर आणि डिव्हाइसची नावं पुसून टाकायची. सगळं कोरं. मग एक एक भरत जायचं. राहिलेली जागा कोरी दिसते आणि कोरी जागा डोळ्यात खुपते. जुना नंबर मात्र बरोबर असल्याचं सोंग घेऊन बसतो. भरून झालं की प्रिंट काढायची आणि हायलाइटर घेऊन प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवायची. टर्मिनल ओलांडून वायर गेली तरी नंबर तोच, कॉन्टॅक्ट ओलांडला की नंबर नवा. रंगवायची राहिलेली रेष म्हणजे न तपासलेली रेष. स्क्रीनवर तपासून मला कधीच भरवसा वाटला नाही, आजही वाटत नाही.

जीएमध्ये, म्हणजे पॅनेलच्या बाहेरच्या-आतल्या मांडणीत, मला माझ्या हातांचा थेट उपयोग झाला. ते ड्रॉइंग खऱ्या मापात काढायचं असतं, ८०० रुंद आणि २००० उंच खोका म्हणजे स्क्रीनवरही ८०० आणि २०००, आणि कागदावर घेताना लेआउटच्या खिडकीतून १:१० ने. कागदावर अक्षर अडीच मिलिमीटरचं हवं तर मॉडेलमध्ये ते पंचवीसचं. हा हिशोब एकदा बसला की बसला. पण कॅटलॉगमधली मापं घेऊन चौकोन शेजारी शेजारी लावणं म्हणजे जीए नाही. आधीच्या ड्रॉइंगांमध्ये कॉन्टॅक्टर आणि पीव्हीसी चॅनेल इतके चिकटून असायचे की फेरूल फिरवून नंबर वाचायलाही बोट जायचं नाही. इनकमर एमसीसीबीच्या (आत येणाऱ्या केबलच्या मुख्य ब्रेकरच्या) खाली केबल वाकायला जागा नसायची, जाड अॅल्युमिनियम केबल लगपाशी (टोकाला बसवलेल्या धातूच्या कानापाशी) ताणून बसवावी लागायची, आणि तो ताण पुढे बोल्ट सैल करतो. मी खोका काढला की आधी मनात हात घालतो. स्क्रूड्रायव्हर सरळ लागेल का, क्रिम्पिंग केलेली लग आत जाईल का, ग्लँड प्लेटपासून (जिथून केबल आत येते) पहिल्या टर्मिनलपर्यंत केबलचं साल काढायला किती लांबी मिळेल. कधी खोका शंभर मिलिमीटर मोठा घ्या म्हणून साहेबांशी वाद होतो, पत्र्याचा खर्च वाढतो म्हणून. काही वेळा मी हरतो. पण वायरिंगची पोरं आता म्हणतात, "दादा, तुमच्या जीएवर काम लवकर उरकतं," आणि त्या वाक्यासाठी मी पुन्हा वाद घालायला तयार असतो.

ऑटोकॅडच्या २०१९ च्या आवृत्तीपासून त्याचा इलेक्ट्रिकल टूलसेट त्याच सबस्क्रिप्शनमध्ये मिळू लागला. आमचं नूतनीकरण झालं तेव्हा साहेबांनी तो टाकून घेतला. मला वाटलं आता सगळं सोपं. उघडलं आणि नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट टाकला तर दोन समांतर उभ्या दांड्या आल्या, आमच्या पोरांना तो कपॅसिटर वाटला असता. ती अमेरिकन पद्धतीची चिन्हं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये चिन्हांच्या लायब्ररींची यादी असते, तिच्यात आयईसीची (आपल्याकडे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची) लायब्ररी वर आणावी लागते. तेवढं केल्यावर ओळखीची चिन्हं आली.

या टूलसेटची खरी ताकद म्हणजे तिथे वायर ही वायर असते. पानावर पान जोडून प्रोजेक्ट होतो, नंबर तो स्वतः टाकतो, आणि एकच नंबर दोन वेगळ्या वायरींना आला तर ऑडिटमध्ये दाखवतो. माझ्या १०५ ची आठवण होऊन मी ती यादी पहिल्यांदा चालवली तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो. कॉइल पाचव्या पानावर तिसऱ्या रकान्यात असेल तर दुसऱ्या पानावरच्या कॉन्टॅक्टखाली '५.३' आपोआप येतं. साध्या ऑटोकॅडमध्ये हे मी हाताने लिहायचो, आणि पान मागे-पुढे झालं की सगळे आकडे खोटे ठरायचे. टर्मिनलची यादी आणि बीओएम (लागणाऱ्या सामानाची यादी) तर बटणावर.

पण त्याचीही शिस्त आहे. रेष चिन्हाला नेमकी भिडली नसेल, मध्ये जराशी जास्त फट असेल, तर तो त्यांना दोन वेगळ्या गोष्टी समजतो. जुन्या फायली मी त्यात ओढल्या तेव्हा अशा फटी शेकड्याने निघाल्या; स्क्रीनवर त्या जोडलेल्याच दिसत होत्या. फाइलचं नाव बाहेरून बदललं तर प्रोजेक्टला ती सापडत नाही. जुनी ड्रॉइंगं रूपांतर करण्यात दोन महिने घालवले आणि मग सोडून दिलं. माझं मत असं, की जुनं जुन्यात राहू द्यावं आणि नवं काम नव्यात सुरू करावं. आणि साधं ऑटोकॅड आल्याशिवाय थेट इलेक्ट्रिकलवर बसू नये. नंबर आपोआप पडतात तेव्हा ते का पडतात हे कळायला आधी हाताने टाकलेले असावे लागतात.

परवा निफाड तालुक्यातल्या एका पंपहाउसवर गेलो होतो, आम्ही पाठवलेल्या पॅनेलला तीन वर्षं झाली म्हणून बघायला. तिथले इलेक्ट्रिशियन भाऊ माझ्यापेक्षा वयाने मोठे. दार उघडून त्यांनी खिशातून ड्रॉइंग काढलं. घड्यांवर कागद फाटला होता, सेलोटेपने जोडला होता. चौथ्या पानावर टायमरपाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आमच्या स्टार-डेल्टा टायमरचे १७, १८, २८ हे टर्मिनल नंबर खोडून त्यांनी १५, १६, १८ केले होते आणि पुढे तारीख.

"जळाला होता," ते म्हणाले. "तालुक्याला तसला मिळाला नाही, साधा ऑन-डिले मिळाला. स्टार १६ वर घेतला, डेल्टा १८ वर. बरोबर केलं ना?"

मी बोट ठेवून वायर बघत गेलो. स्टार आणि डेल्टाचे एनसी इंटरलॉक जागच्या जागी होते, म्हणून दोन्ही एकदम लागणार नव्हते. फक्त स्टार सुटल्यावर डेल्टा लागायच्या आधीचा क्षणभराचा थांबा या टायमरमध्ये मिळत नाही, तेवढं त्यांना सांगितलं आणि मूळचा टायमर पाठवतो म्हटलं. पानाचा फोटो काढला.

शॉपला येऊन फाइल उघडली. टायमर पाठवला तरी पुन्हा कधी अशीच वेळ येऊ शकते म्हणून मूळ जोडणी तशीच ठेवली, आणि बाजूला चौकटीत पर्यायी टायमरची जोडणी काढली, १५ कॉमन, १६ स्टार, १८ डेल्टा, आणि थांब्याबद्दलची सूचना. रिव्हिजनच्या रकान्यात २ टाकला. दोन प्रती काढल्या, एक हायलाइटरने रंगवून फायलीत लावली आणि दुसरी प्लास्टिकच्या पाकिटात घालून टायमरच्या खोक्याबरोबर पाठवून दिली.